दादा, बॉस आणि ६१७४

द्वारका चौकात गाडी अडकली की माणसाला वाचनाची गोडी लागते. वाचायला समोर फक्त नंबरप्लेटा असतात, पण मजकुराची कमतरता नसते. पुढच्या काळ्या गाडीवर ४१४१, आणि आकडे असे वळवलेले की ‘दादा’ वाचावं. शेजारी ८०५५, इंग्रजी आकड्यांत तो ‘बॉस’ दिसेल अशा बेताने रंगवलेला. एका बुलेटवर नुसतं २१४. दोनाचा ‘र’, एकाचा काना आणि चाराचा ‘म’ झाला की राम होतो, आणि पंचवटीच्या गावात रामाला कोण अडवणार? नंबरप्लेटीवर अशी कलाकुसर करायला नियमाने बंदी आहे. बंदी नसती तर दादांनी ती केलीच नसती.

हा शौक फुकटचा नाही. आवडीच्या नंबरासाठी आरटीओत रीतसर शुल्क भरावं लागतं. चारचाकीला ०००१ हवा असेल तर प्रकरण लाखांत जातं, आणि २०२४ साली सरकारने हे दर आणखी वाढवले. एकाच नंबरावर दोघांचा जीव जडला तर बंद पाकिटात जास्तीची रक्कम द्यायची. ज्याचं पाकीट जड, त्याचा नंबर. एमएच-१५ च्या प्रत्येक मालिकेत ०००१ पासून ९९९९ पर्यंत नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव नंबर निघतात. त्यातल्या ज्या मोजक्यांवर उड्या पडतात त्यांत ११११, ५५५५, ७७७७, ९९९९ ही एकजिनसी मंडळी कायम पुढे. उरलेले नंबर ज्यांच्या वाट्याला येतात ते मुकाट्याने घेतात आणि वॉचमनने रजिस्टर पुढे केलं की खाली वाकून स्वतःचीच प्लेट वाचतात.

या सगळ्या व्यवहारावरचा निकाल पाऊणशे वर्षांपूर्वी इथून जवळच, देवळालीत लागलेला आहे. न्यायाधीश होते शाळामास्तर, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९४९ साली त्यांना आढळलं ते असं. कुठलीही चार आकडी संख्या घ्या, फक्त चारही आकडे एकसारखे नकोत. आकडे उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. जी बाकी येईल तिच्यावर पुन्हा तोच प्रयोग. शून्य आलं तर त्यालाही आकड्याचा मान द्यायचा, गाळायचं नाही. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ या संख्येवर येऊन ठेपता. तिथून पुढे हलणं नाही, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. जगभर याला कापरेकर स्थिरांक म्हणतात. हातच्याची वजाबाकी येणाऱ्या कुठल्याही पोराला हा पडताळून पाहता येतो, आणि बहुधा त्यामुळेच मोठ्या माणसांनी बराच काळ त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

आता सिग्नल सुटेपर्यंत वेळ आहेच. दादांपासून सुरुवात करू, मान त्यांचा. ४४११ वजा ११४४, बाकी ३२६७. ७६३२ वजा २३६७, बाकी ५२६५. ६५५२ वजा २५५६, ३९९६. ९९६३ वजा ३६९९, ६२६४. ६६४२ वजा २४६६, ४१७६. आणि ७६४१ वजा १४६७, आलं ६१७४. सहा वजाबाक्या. आता बॉस: ८५५० वजा ०५५८ म्हणजे ७९९२, पुढे ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि ६१७४. सहाच. दादा मोठे की बॉस मोठे, हा प्रश्न आमच्याकडे वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आणि प्रसंगी हातघाईवर येऊन सोडवला जातो. गणिताने सामना बरोबरीत सोडवलाय.

०००७ वाले जेम्स बाँडच्या पुण्याईवर चौथ्या वजाबाकीत पोचतात. ०००१ वाल्यांना लाखो मोजूनही पाच लागतात. आणि ०२१४, म्हणजे राम? ४०८६, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. पूर्ण सात. याहून लांबचा रस्ता चार आकड्यांत अस्तित्वातच नाही. गोदाकाठच्या माणसाला याचं नवल वाटायचं कारण नाही. पंचवटीला येईपर्यंत रामाची पायपीट काय कमी झाली होती? अर्थात हा मान एकट्या रामाचा नाही. मालिकेतल्या २१८४ नंबरांना सातच्या सात पायऱ्या चढाव्या लागतात, आणि उलट ३८३ भाग्यवान असे आहेत की एका वजाबाकीत घरी. पण एका वजाबाकीत पोचणारा नंबर द्या म्हणून पाकीट घेऊन आरटीओत गेलेला माणूस मला अजून भेटायचाय. खुद्द ६१७४ साठी कुणाचं पाकीट गेल्याचंही ऐकिवात नाही.

आता उरली ती एकजिनसी मंडळी. ज्यांना या प्रयोगातून कापरेकरांनी वगळलं ते हे नऊ नंबर: ११११ पासून ९९९९ पर्यंत. का वगळलं ते आमच्या ओळखीच्या एका बागायतदारांना समजावून सांगायचा प्रसंग आला. पिंपळगावकडचे. द्राक्षाचा हंगाम बरा गेला, नवी गाडी आली, आणि तिच्यासाठी त्यांनी ९९९९ सोडवून आणला. मिसळ खाता खाता त्यांनी मला नंबरची महती ऐकवली.

“बेरीज करा, भाऊ.”

“छत्तीस.”

“छत्तीसची?”

“नऊ.”

“मग!” एवढं बोलून त्यांनी रश्शाची वाटी पुन्हा भरून मागवली.

मी म्हटलं, आता माझंही एक ऐका. या नंबरातले आकडे मोठ्यात मोठी संख्या होईल असे मांडा.

“नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव.”

“आता लहानात लहान.”

“तीच की.”

“करा वजा.”

त्यांनी तोंडातला घास थांबवला. “भाऊ, नवी गाडी आहे. असं अभद्र बोलू नये.”

पण हिशेब तर तोच आहे. मालिकेतले ९९९० नंबर, ज्यांना कुणी विचारत नाही ते, गुमान ६१७४ वर जातात. शून्यावर जातात ते फक्त नऊ, आणि नाशिककर नेमके त्याच नवांसाठी बँकेतून डिमांड ड्राफ्ट काढतो.

नऊ या आकड्याचं म्हणाल तर त्यासाठी पैसे मोजायचीच गरज नव्हती. कापरेकरांच्या वजाबाकीत नेमकं काय होतं बघा. चार आकड्यांतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान यांच्यातलं अंतर घ्या, त्याला ९९९ ने गुणा. मधल्या दोघांतलं अंतर घ्या, त्याला ९० ने गुणा. दोन्हींची बेरीज म्हणजे तुमची बाकी. ६१७४ वरच करून पाहा: ७ आणि १ यांत अंतर ६, ६ आणि ४ यांत २, ५९९४ अधिक १८०. जमलं. आता ९९९ लाही नवाने भाग जातो आणि ९० लाही. म्हणजे पहिल्या फटक्यातच येणारी बाकी नवाच्या पाढ्यातली, मूळ नंबर रस्त्यावरच्या कुठल्याही टेम्पोचा असो. अंकशास्त्रवाले ज्यासाठी सोसायटीचा फ्लॅट बदलायला लावतात ते इथे एका वजाबाकीत, विनाशुल्क.

आणि या दोन अंतरांच्या पलीकडे वजाबाकीला तुमच्याबद्दल काहीच आठवत नाही. तुम्ही दादा होता की बॉस, सगळं पुसलं जातं. उरतात फक्त दोन अंतरं. अशा जोड्या होतात एकूण ५४. म्हणजे ९९९० नंबरांना पहिल्या वजाबाकीनंतर जागा चोपन्नच. कॉलेज रोडच्या कुठल्याही कॉम्प्लेक्समधल्या पार्किंगइतकीच ही व्यवस्था दाट आहे, फरक इतकाच की इथे शेवटी प्रत्येकाला जागा मिळते, आणि तीही एकच. कापरेकरांच्या हाती कॅल्क्युलेटर नव्हता. पाटी-पेन्सिल, कागद आणि चिकाटी, बस्स.

जन्म १९०५ चा, डहाणूचा. वडील कारकून, आणि त्यांना ज्योतिषाचा नाद. ज्योतिष्याच्या घरात मुलाची आकडेमोड पक्की होते, तशी ती झाली. फक्त या मुलाने आकड्यांना माणसांचं भविष्य विचारायचं सोडून त्यांचं स्वतःचंच भविष्य विचारायला सुरुवात केली: तू कुठे जाणार, किती पायऱ्यांत जाणार, तिथे टिकणार का? शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. तिथे १९२७ साली रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक. १९२९ ला पदवी, आणि १९३० पासून थेट १९६२ पर्यंत देवळालीत मास्तरकी. संशोधकाची पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. शोध लागला की स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापायची, स्वतःच्या खर्चाने परिषदेला जायचं, तिथे उभं राहून आकड्यांच्या गमती सांगायच्या. स्वतःला ‘गणितानंद’ म्हणवून घ्यायचे. दारुड्याला जसं पीतच राहावंसं वाटतं तसं आपलं आकड्यांच्या बाबतीत होतं, असंही त्यांनीच सांगून ठेवलंय. हल्ली नाशिक वाइनची राजधानी म्हणून मिरवतं. पण गावाचं नाव परदेशी पोचवणारं पहिलं व्यसन हे.

जाणकार मंडळी मात्र नाक मुरडत. हे काय गणित आहे? ही तर करमणूक. असं म्हणणाऱ्यांच्या पाठीशी माणूस फार मोठा होता. केंब्रिजच्या हार्डीसाहेबांनी १९४० सालच्या आपल्या पुस्तकात उदाहरणादाखल सांगितलं होतं की चार आकडी संख्यांत फक्त दोनच आपल्या उलट्या रूपाच्या पटीत बसतात: ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट. आणि पुढे शेरा मारला होता, की कोड्यांच्या सदराला हे ठीक, गणितज्ञाने भुलावं असं यात काही नाही. पण हार्डी हेही मूळचे नंबरप्लेट वाचणारेच. आजारी रामानुजनना पटनीला भेटायला गेले तेव्हा त्यांनी विषय कुठला काढला, तर आलेल्या टॅक्सीच्या नंबरचा: १७२९, अगदीच नीरस. अंथरुणातून उत्तर आलं, की दोन घनांची बेरीज म्हणून दोन वेगवेगळ्या रीतींनी मांडता येणारी ती सगळ्यात लहान संख्या आहे. बाराचा घन अधिक एकाचा, किंवा दहाचा अधिक नवाचा. नीरस नंबर असतो की बघणारा, हा खटला तिथेच संपायला हवा होता.

आणि हार्डींनी ज्याला निकालात काढलं त्या ९८०१ चं काय झालं म्हणता? तो देवळालीत निघाला. ९९ चा वर्ग ९८०१. मधोमध तोडा: ९८ आणि ०१. बेरीज ९९. अशा संख्यांना आता कापरेकर संख्या म्हणतात. वर्ग करा, तोडा, जोडा आणि मूळ मालक परत. ५५ चा वर्ग ३०२५, तीस अधिक पंचवीस. ४५ चा वर्ग २०२५, वीस अधिक पंचवीस. नुकतंच होऊन गेलेलं २०२५ साल हे असं होतं, आणि आपण ते प्रयागच्या गर्दीत घालवलं. सिंहस्थ बारा वर्षांनी परत येतो. असं साल मात्र आता थेट ३०२५ ला, त्यामुळे तयारीला वेळ आहे. रस्ते तोवर होतील.

इथे त्या एकजिनसी मंडळींना न्याय द्यायला हवा, कारण वजाबाकीत शून्य ठरलेले काहीजण वर्गात हुशार निघतात. ७७७७ चा वर्ग ६०४८१७२९. तोडा: ६०४८ आणि १७२९. बेरीज ७७७७. म्हणजे गंगापूर रोडने मोठ्या दिमाखात जाणाऱ्या प्रत्येक ७७७७ च्या पोटात रामानुजनची टॅक्सी बसलेली आहे, आणि मालकाला वाटतं आपण पैसे सातासाठी मोजले. बरं, दिमाख न करणारा २२२३ घ्या. वर्ग ४९४१७२९, ४९४ अधिक १७२९, परत २२२३. तीच टॅक्सी, आणि हा नंबर रांगेत उभं राहून मिळेल.

बागायतदारांचं तोंड अजून उतरलेलंच होतं, म्हणून मी त्यांना ९९९९ चा वर्ग सांगितला: ९९९८०००१. तोडला तर ९९९८ आणि ०००१, बेरीज पुन्हा ९९९९. ते बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. मग त्यांचा चेहरा फुलला.

“म्हणजे ०००१ वाला माझ्या पोटात!”

त्यांच्या गावात ०००१ कोणाकडे आहे हे मला माहीत होतं, म्हणून मी विषय वाढवला नाही. नुसत्या नवांची कुठलीही रांग असंच करते, हेही सांगितलं नाही. हंगाम चांगला गेलेल्या माणसाला काही गोष्टी सांगू नयेत.

कापरेकर काही चार आकड्यांवर थांबणारे नव्हते. मुंबईकडच्या जीआयपी रेल्वेवरच्या तेव्हाच्या डेमलो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्टेशनात त्यांना संख्यांची एक नवी जात सुचली आणि स्टेशनावरूनच त्यांनी तिचं नाव डेमलो संख्या ठेवलं. आज त्या फलाटावर सकाळी साडेआठला उभं राहून कुणाला काही सुचलंच, तर ते दाराच्या दांडीसंबंधी असेल. त्या काळी तिथे विचार करायला जागा होती असं दिसतं. या घराण्यातले सगळ्यांत देखणे सदस्य असे: ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. चढत चढत नऊ एक्क्यांपर्यंत गेलात, की वर्ग येतो १२३४५६७८९८७६५४३२१. ब्रह्मगिरी चढून उतरल्यासारखी ही सतरा आकडी संख्या नऊवर टेकते आणि आली त्याच वाटेने खाली येते.

ही वाचायची कशी, हा खरा प्रश्न. लाख-कोटीपर्यंत आपली मजल. पुढे ‘लाख कोटी’ म्हणत अर्थसंकल्पासारखी वेळ मारून न्यावी लागते. वास्तविक आपल्याकडे शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त परार्धापर्यंतची सगळी नावं देऊन ठेवलीत, आणि त्यांच्या नातवाने कोरवून घेतलेला शिलालेख इथून फार लांब नाही, चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. त्या हिशेबाने आपली संख्या वाचायची ती अशी: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ दशकोटी, आणि मग उतार: आठ कोटी, सात दशलक्ष, सहा लक्ष, पाच दशसहस्र, चार सहस्र, तीन शत, दोन दहम, एक. आणखी एक घर असतं तर परार्धच गाठला असता. मोठ्याने वाचून पाहा. घरातली माणसं सत्यनारायण आहे की काय म्हणून हात जोडून उभी राहतील.

मास्तर निवृत्त झाले १९६२ ला. पेन्शनवर भागेना, शिकवण्या धरल्या. आणि लगेच पुढच्या वर्षी नवीन पुस्तिका काढली, स्वयंभू संख्यांवर. कल्पना पुन्हा तितकीच साधी. कुठल्याही संख्येत तिच्याच आकड्यांची बेरीज मिळवा, नवी संख्या जन्माला येते. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले, २१ झाली. २१ ला आई आहे, १५. काही संख्यांना दोन दोन आया: १०१ ही १०० पासूनही होते आणि ९१ पासूनही. तिला त्यांनी नाव दिलं जंक्शन. रेल्वेच्या माणसासारखे शब्द त्यांना सहज सुचत. मनमाडकरांनी नोंद घ्यावी. पण काही संख्या अशा असतात की कुठल्याच संख्येपासून त्या तयार होत नाहीत. वीस घ्या. मागे कितीही शोधा, तिला जन्म देणारी संख्या सापडत नाही. ती स्वयंभू. ज्या मास्तरांच्या पुढे मार्गदर्शक नव्हता आणि मागे विद्यापीठ नव्हतं, त्यांना या संख्यांचा लळा लागला यात आश्चर्य कसलं? पुस्तिका निघाली ते साल होतं १९६३. या वर्षालाही कुठली आई नाही. पाहायचं तर १९३५ पासून १९६२ पर्यंत एकेक साल घेऊन त्यात आकडे मिळवा, १९६३ काही हाती लागत नाही. हा योग मास्तरांनी साधला की आपसूक जुळला, कोण जाणे.

आणखी एक जात त्यांनी हर्षद नावाने सांगितली, आपल्याच आकड्यांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो ती, म्हणजे हर्ष देणारी. १७२९ हर्षद आहे: बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९, वर १९ आणि ९१ एकमेकांची उलटी रूपं. हार्डी टॅक्सीतून उतरताना याही गोष्टीला मुकले. आता त्र्यंबकेश्वरला बसून जपमाळ ओढणाऱ्यांनी जरा कान इकडे करावा. १०८ हर्षद आहे, बेरीज नऊ, भागाकार बारा. आणि १०८ स्वयंभूही आहे, मागे कुणी नाही. एवढी दुहेरी पात्रता असलेला आकडा माळेला नेमका कसा लागला याचं उत्तर माझ्याकडे मागू नका. त्र्यंबकला मिळेल, दक्षिणा वेगळी.

१९७५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि मग आपल्याकडेही माणसं मान वळवून देवळालीकडे पाहू लागली. सत्तरीचे मास्तर तिथेच होते. १९८६ साली ते गेले. हार्डींना जे कोड्यांच्या सदरापुरतं वाटलं होतं, ते शेवटी एका कोड्यांच्या सदरानेच जगभर नेलं.

चार आकड्यांत हे सगळं सुरळीत आहे. तीन आकड्यांतही आहे, तिथला मुक्काम ४९५. दोन आकड्यांत मुक्काम नाही: ८१, ६३, २७, ४५, ०९ आणि परत ८१, नुसत्या फेऱ्या. पाच आकड्यांतही फेऱ्याच. सहा आकड्यांत दोन मुक्काम आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४, पण सगळ्यांना ते मिळतात असं नाही. काहीजण सात संख्यांच्या एका चक्रात सापडतात आणि फिरत राहतात. सहा आकडे म्हटल्यावर मला पिनकोड आठवला. १५ ऑगस्ट १९७२ पासून देशाला पिनकोड लागले, तेव्हा कापरेकर देवळालीतच होते, आणि देवळालीला मिळाला ४२२४०१. लावा प्रयोग. ४४२२१० वजा ०१२२४४, बाकी ४२९९६६. मग ७४९९४३. मग ६५२६४४. मग ४२०८७६. आणि इथून ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ करत पुन्हा ४२०८७६. साऱ्या जगाच्या चार आकड्यांना विसावा मिळवून देणाऱ्या माणसाच्या गावचा पिनकोड स्वतः मात्र जन्मभर फेऱ्यात.

नाशिक शहराचं तर विचारूच नका. ४२२००१. मोठी मांडणी ४२२१००, लहान ००१२२४. वजा करा: ४२०८७६. देवळालीला जिथे पोचायला चार पावलं लागली तिथे नाशिक एकाच पावलात. आणि सुरुवातीचे तीन आकडे पाहून घ्या. मी काही बोलत नाही, मला इथेच राहायचंय.

राहता राहिला मोबाइल नंबर, दहा आकडी. इथे चक्रं पुष्कळ, पण कायमचे मुक्काम तीनच. तीनपैकी एक संख्या सहाने सुरू होते आणि दोन नवाने. आपल्याकडे मोबाइलचे नंबरही सहापासून नवापर्यंतच्या आकड्यांनी सुरू होतात, त्यामुळे तिन्ही संख्या कुणाच्या ना कुणाच्या खिशात वाजत असण्याचा संभव दांडगा आहे. त्या मी इथे मुद्दाम देत नाही. हा लेख वाचून पुण्याचा एखादा गणितप्रेमी रात्री अकरा वाजता फोन लावणार, पलीकडे निफाडचा कुणी दमूनभागून झोपलेला शेतकरी तो उचलणार, आणि पहिलाच प्रश्न येणार, “नमस्कार, आपण स्थिर आहात ना?”